शितावरून शेताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेताचे तसे नाही. वरच्या अंगाला मुरमाड, खाली काळी आणि पाटाच्या कडेला चिबड, अशा तीन तऱ्हेच्या जमिनी एकाच शेतकऱ्याकडे असतात. मग सबंध देशाची माती तपासायची तर मूठ घ्यायची कोठून?

19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली, तेव्हा यावर चौकोनांचा उपाय काढण्यात आला. बागायती भागात अडीच हेक्टरांचा एक चौकोन, जिरायतीत दहा हेक्टरांचा. म्हणजे बागायतीत साधारण दर 158 मीटरला आणि जिरायतीत 316 मीटरला एक नमुना. जागेची नोंद जीपीएसने करायची.

यातली खरी गोम अशी, की जागा निवडणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. मोकळीक दिली, तर उन्हातान्हात हिंडणारा माणूस रस्त्याकडेच्या शेतातच कुदळ मारणार; त्याला तरी दोष कसा द्यावा? शिवाय अक्षांश-रेखांश लिहिलेले असले, की काही वर्षांनी दुसरा कोणी त्याच जागी येऊन माती सुधारली की बिघडली हे ताडून पाहू शकतो. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम दोष ठेवला होता आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. आता उघड्या रानात साधा मोबाइलही काही मीटरांच्या आत जागा दाखवतो.

पण जीपीएस माती उकरत नाही. ते काम हातानेच करायचे. शेताचे चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडतात. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको, नाहीतर मातीऐवजी बादलीतलेच जस्त मोजले जाईल! सगळी माती कालवून तिचे चार भाग करतात आणि समोरासमोरचे दोन टाकून देतात. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे.

अडचण येते ती पत्रिका हातात पडल्यावर. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र 1.08 हेक्टर आहे. म्हणजे दहा हेक्टरांच्या चौकोनात सरासरीने नऊ जणांची जमीन आली. नमुना एकाच्या शेतातला आणि पत्रिका मात्र सर्वांना तीच. वर्षानुवर्षे शेणखत घालणारा आणि नुसत्या युरियावर भागवणारा, दोघांनाही खताचा सल्ला एकच! खताच्या पोत्याचे पैसे मात्र ज्याचे त्याने मोजायचे. हे ध्यानात आल्यामुळेच की काय, 2019-20 मध्ये निवडक आदर्श गावांत चौकोन सोडून प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीतून नमुने घेण्यात आले.

चौकोनी पाहणी तालुक्याला उपयोगी आहे, यात शंका नाही. कोणत्या पट्ट्यात जस्त कमी, कोठे क्षार वाढले, हे तिच्यामुळे नकाशावर दिसते. पण ज्याच्या घरात अशी जुनी पत्रिका असेल, त्याने तीवरचे नाव वाचून थांबू नये. नमुना कोणत्या गट नंबरातून घेतला ते पाहावे. तो शेजाऱ्याचा निघाला आणि आपल्या मातीचा रंग वा उतार वेगळा असला, तर पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वी, आपल्या रानातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी.