दिवाळे निघाले म्हणजे काय झाले?

बेळगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात आम्हांस आले. पत्र दोन पानांचे आहे. पण त्यातील एक शब्द त्यांनी दोनदा लिहून दोनदा खोडला आहे. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहतात. नोकरी गेली, आठ महिने दुसरी मिळाली नाही, घराचे हप्ते थकले, कर्ज देणाऱ्या बँकेने घराच्या लिलावाची खटपट सुरू केली. आता नवी नोकरी लागली आहे. तरीही त्यांनी तेथील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आहे, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले. 'आमच्या घराण्यात असे कोणी केले नव्हते', असे लिहून भगिनी विचारतात की, येथील राहते घर गहाण टाकून मुलास पैसे पाठवावेत काय? कर्ज मिळवून देणारा एक मध्यस्थ घरी येऊन गेला आहे, आणि सही तेवढी बाकी आहे.

आम्ही त्यांस तत्काळ कळविले की, सही करू नये. त्याची कारणे येथे सविस्तर देत आहो, कारण मुले परदेशी असलेली कुटुंबे आमच्या वाचकांत थोडी नाहीत.

दिवाळे हा शब्दच आपल्याकडे अशुभ मानला गेला आहे. पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि लोक काय ते समजत, असे जुनी माणसे सांगत. दिवाळखोर ही तर आपण शिवीच करून टाकली. अमेरिकेतील कायद्याचा रोख मात्र निराळा आहे. तेथे 1938 साली दिवाळखोरीच्या कायद्यात पगारदार मनुष्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्याचा क्रमांक तेरावा. (आमच्या काही शेजाऱ्यांच्या कानास तोही अशुभच वाटेल!) पगार चालू असलेल्या मनुष्याची मालमत्ता विकून टाकण्यापेक्षा त्याच्याकडून हप्त्याहप्त्याने फेड करून घ्यावी, हा त्यामागील विचार होय. 1978 साली तो कायदा नव्याने लिहिला गेला, आणि राहत्या घराचे थकलेले हप्ते फेडण्याची सोय या प्रकरणात झाली.

ही सोय चालते कशी, हे समजून घेतले पाहिजे. अर्ज न्यायालयात दाखल होताच, न्यायाधीशाने तो वाचण्यापूर्वीच, वसुलीला आपोआप मनाई होते. लिलाव थांबतो, पगारावरील जप्ती थांबते, धमकीची पत्रे आणि फोनही थांबतात. मात्र लिलाव पुरा होऊन गेल्यावर केलेला अर्ज घर परत मिळवून देत नाही. म्हणून तेथे दिवसांचा हिशेब फार महत्त्वाचा असतो. अर्जापूर्वीच्या 180 दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक सल्ला घ्यावा लागतो. त्यानंतर अर्जदाराने फेडीची योजना द्यावयाची, आणि अर्ज केल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिला हप्ता भरावयाचा. मग न्यायालयाची मंजुरी आलेली असो वा नसो. योजना तीन वर्षांची किंवा फार तर पाच वर्षांची असते. समजा, घराचे 18,000 डॉलर थकले आहेत. पाच वर्षांचे महिने साठ. म्हणजे दरमहा 300 डॉलर थकबाकीपोटी द्यावयाचे, विश्वस्ताचे शुल्क वेगळे, आणि शिवाय घराचा नेहमीचा हप्ता ज्या त्या महिन्यात भरावयाचाच.

या शेवटच्या वाक्याकडे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. घराच्या कर्जातील एक डॉलरही येथे माफ होत नाही. राहत्या घरावरील गहाणकर्जाची रक्कम घराची किंमत उतरली म्हणून कमी करता येणार नाही, असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली ठरविले आहे. क्रेडिट कार्डासारख्या तारण नसलेल्या कर्जाचा योजनेअखेर उरलेला भाग बहुधा माफ होतो. घराला मिळतो तो केवळ अवधी. हप्ता चुकला तर बँक मनाई उठविण्याची मागणी करू शकते, आणि लिलाव पुन्हा उभा राहतो. ते प्रकरण निकालात निघून वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला, तर मनाई सहसा तीसच दिवस टिकते. अशा योजना पुष्कळांच्या अर्ध्यावरच मोडतात. कायदा वाईट म्हणून नव्हे. मिळकत पुरत नाही म्हणून.

मग आईने मदत का करू नये? प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मात्र न्यू जर्सीत नसून बेळगावातच आहे.

भगिनींचे यजमान मृत्युपत्र न करता निवर्तले, आणि घर अद्याप त्यांच्याच नावावर आहे. आपणा ख्रिस्ती लोकांस कर्नाटकात 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे अशा वेळी विधवेस एक तृतीयांश आणि मुलांस मिळून दोन तृतीयांश वाटा जातो. (गोव्यातील वाचकांनी हे आपणांस लावून घेऊ नये, तेथील वारसा कायदा वेगळा आहे.) म्हणजे ते घर एकट्या आईचे नाही. त्यात चिरंजीवांचा वाटा आजच आहे, दप्तरी नोंद झालेली असो वा नसो. अमेरिकेतील अर्जात मनुष्याने आपली सर्व मालमत्ता, ती जगात कोठेही असली तरी, शपथेवर लिहून द्यावयाची असते. तारण नसलेल्या सावकारांस निदान किती रक्कम द्यावी हे ठरविताना तिची किंमत धरली जाते, आणि जाणूनबुजून लपविणे हा फौजदारी गुन्हा आहे. चिरंजीवांनी हा वाटा लिहिला आहे काय? 'ते तर आईचे घर' म्हणून सोडून दिला असण्याची शक्यता आम्हांस फार वाटते. आपल्याकडील कितीतरी सज्जन माणसे ही चूक निर्मळ मनाने करतील. आईने पाठविलेली रक्कमही तशीच उघड सांगावी लागेल.

आणि गहाण टाकलेले घर उद्या अडचणीत आले तर? मुलास तेथे जे दार उघडे आहे ते आईस येथे नाही. आपल्याकडे 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. पण नादारी जाहीर झाली तरी ज्याच्याकडे घर गहाण आहे त्याचा हक्क अबाधित राहतो, असे तो कायदाच सांगतो. 2016 च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आला तो कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. उलट 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेस मोठे बळ दिले आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकून खाते बुडीत ठरले की साठ दिवसांची नोटीस येते, आणि ती मुदत टळल्यावर बँक दावा न लावताही घराचा ताबा घेऊन ते विकू शकते. नोटिशीस लेखी हरकत घेतल्यास बँकेने पंधरा दिवसांत उत्तर दिले पाहिजे, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु हप्त्यांची पाच वर्षांची घडी बसवून देण्याचा हक्क ऋणकोस त्यात कोठेही नाही. मुलाकडून पैसे आले नाहीत, तर सत्तरीच्या बाईने हप्ता कोठून भरावा? मध्यस्थाने हे सांगितले नसेल. त्याची दलाली सहीवर आहे.

तेव्हा भगिनींनी चिरंजीवांना चार गोष्टी विचाराव्यात. अर्ज तेराव्या प्रकरणाखाली आहे की सातव्या? सातव्यात तारण नसलेली कर्जे सुटतात, पण घरावरील गहाण तसेच राहते आणि थकबाकी फेडण्यास हप्ते बांधून मिळत नाहीत. योजना मंजूर झाली काय? नव्या पगारातून घरखर्च भागून दोन्ही हप्ते निघतात काय? आणि वडिलांच्या घराचा वाटा अर्जात लिहिला आहे काय? नसल्यास त्यांनी आपल्या वकिलास आजच सांगावे. वेळेवर केलेली दुरुस्ती न्यायालय स्वीकारते. दोन्ही हप्ते निघत नसतील, तर ते घर स्वतः विकून भाड्याच्या घरात जाणे बरे. बेळगावचे घर त्याच्यामागे लावू नये.

मुलाने हे आईस स्वतः का सांगितले नाही, हा प्रश्न पत्रात नाही. पण तो प्रत्येक ओळीत आहे. तो शब्द त्यांनी खोडला, तसाच तो मुलानेही गिळला असेल. म्हणून वरील चार प्रश्नांच्या आधी भगिनींनी त्याच्या तब्येतीची चौकशी करावी, आणि शक्य तर सूनबाईंमार्फत नव्हे, त्याच्याशीच बोलावे. तिकडे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. जेवणापूर्वी फोन केल्यास तो कामावर निघण्याच्या आधी सापडेल.