आठ पानांचं मासिक

प्रेरणा म्हटली की आपल्याला थेट स्टीव्ह जॉब्ज आठवतो! पण मित्रांनो, कर्जत स्टेशनवर पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, ते कधी वडा बाजूला ठेवून पाहिलंत? बोरघाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट चढ. पुढून ओढणं पुरत नाही, तर मागून ढकला. साधी आयडिया!

अशा रोजच्या गोष्टींसाठी हॉस्टेलचं छोटं मासिक हवंच. वार्षिक अंक येईपर्यंत डोक्यातलं शिळं होतं.

डिझाइन सोपं आहे. एक ए-फोर कागद, तीन घड्या, मधोमध एक चीर, की झाली आठ पानं! मजकूर एकाच बाजूला, म्हणजे झेरॉक्स स्वस्त. सुविचार नकोत. प्रत्येक पानावर स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि हाताने काढलेलं स्केच. शेवटचं पान कोरं, वाचणाऱ्यासाठी.

पैशांचं कारण सांगू नका. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करूनच काढलं. चित्रे तेव्हा आपल्यापेक्षा लहान होते!

राहिलं शुद्धलेखन. मी कॉन्व्हेंटची, माझे ऱ्हस्व-दीर्घ रामभरोसे. पण भाताच्या खाचरातलं पाणी बांध फोडून कसं खाली सोडतात, हे खालापूरचा मुलगा फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकापेक्षा छान सांगेल. तो वेलांटीच्या भीतीने गप्प बसला, तर चार वर्षांनी आपल्या हातात फक्त सबमिशनच्या फायली उरतील.

कागद मी आणते. गोष्टी तुम्ही आणा.