सव्वीस आत, एक बाहेर

युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू कराव्यात की नाही, हे ठरविण्यासाठी १४ डिसेंबर २०२३ रोजी ब्रुसेल्स येथे युरोपीय संघाचे सत्तावीस नेते बसले असता हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान हे ऐन निर्णयाच्या वेळी उठून दालनाबाहेर गेले, आणि उरलेल्या सव्वीसांनी तो निर्णय ‘एकमताने’ घेतला! त्याच रात्री ओर्बान यांनी युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीस मात्र आडकाठी घातली. ती मंजूर होण्यास १ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. इकडे आघाडीवरील सैनिक गोळे मोजून तोफ डागीत होता. डिसेंबर २०२५ मध्ये युक्रेनला ९० अब्ज युरोंचे कर्ज द्यावयाचे ठरले, तेव्हाही हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेकिया या तिघांना त्या भारातून वगळूनच वाट काढावी लागली.

युरोपला एकी जमतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. व्यापाराच्या बाबतीत हा संघ वज्रासारखा एक आहे. आमच्या वरठीचे पोलाद उद्या लिस्बनला उतरो की हेलसिंकीला, १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला कर्बशुल्काचा नियम दोन्हीकडे सारखाच. जकातीच्या नाक्यावर सत्तावीसांचा एक आवाज आणि रणाच्या वेळी एकाच्या नकाराने सव्वीसांचा खोळंबा, असा हा प्रकार आहे. परराष्ट्रधोरणात एकमताची अट आहे, आणि ती अट शिथिल करावयाची म्हटले तरी त्यालाही एकमतच लागते.

महाराष्ट्राने हा खेळ पूर्वी पाहिला आहे. नव्हे, त्यात तो सर्वस्व हरला आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला, आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. मराठी राज्यसंघाच्या प्रमुखाने संघातील कोणालाही न विचारता परकी फौज पदरी घेतली! दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले हे एकत्र आले; होळकर आले नाहीत. मग २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड असे एकामागून एक आघात झाले. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. पंधरवडा लोटतो न लोटतो तोच शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला आपला वेगळा तह केला. दुसऱ्या वर्षी होळकर लढावयास उभे राहिले, तेव्हा ते एकटेच होते. आपला भंडारा त्या वेळी भोसल्यांच्याच राज्यात होता. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर ते राज्यही खालसा झाले.

यांपैकी कोणीही भ्याड नव्हता, फौजाही थोड्या नव्हत्या. आपल्या शेजारच्या सरदाराचे वर्चस्व मानण्यापेक्षा दूरच्या बलाढ्याशी परस्पर बोलणे लावणे प्रत्येकाला सोयीचे वाटले, एवढेच. आजच्या युरोपात फ्रान्सजवळ अण्वस्त्रे आहेत. जर्मनीने मार्च २०२५ मध्ये संरक्षणखर्चासाठी कर्जाची घटनात्मक मर्यादा सैल करून तिजोरी उघडली आहे. पोलंड राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून अधिक भाग शस्त्रांवर वेचीत आहे. पण पॅरिसचे पुढारपण बर्लिनला रुचत नाही आणि बर्लिनचे वॉर्साला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी अलास्कात ट्रम्प आणि पुतिन युरोपच्या भूमीविषयी बोलले, तेव्हा त्या बैठकीत युरोपचे कोणीही नव्हते. तीन दिवसांनी झेलेन्स्कींसह सात युरोपीय नेते धावत वॉशिंग्टनला गेले. ते एकत्र गेले हे बरेच झाले; पण न्यायाधीशाच्या दाराशी सर्व पक्षकारांनी एकत्र जाणे आणि आपसांत एक मुखत्यार नेमणे, यांत अंतर आहे.

मार्च २०२३ मध्ये संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचा संकल्प सोडला. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे भरले. दारूगोळा ठरावाने निपजत नाही, हे जवाहरनगरचा आयुध कारखाना ज्यांच्या शेजारी आहे त्या भंडारेकरांना सांगावयास नको. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तेथील आठ कामगारांचे प्राण गेले. कारखाना, यंत्रे, कसबी हात आणि वर्षानुवर्षे टिकणारी मागणी यांवाचून गोळा तयार होत नाही. आणि सत्तावीस सरकारे सत्तावीस ठिकाणी मागणी नोंदवू लागली, तर कोणताही कारखानदार नव्या यंत्रांत पैसा घालण्यास कचरणारच.

ज्यांनी आमच्या दुहीवर साम्राज्य उभारले त्यांची आज कशी जिरली, असा एक सूर आमच्या काही सुशिक्षित बैठकींतून ऐकू येतो. तो समजण्यासारखा असला, तरी शहाणपणाचा नाही. जगात दोनतीनच धनी उरले, तर भारतासारख्या देशाला ठोठावण्यास दारे कमी उरतील. शस्त्रे, यंत्रसामग्री आणि बाजारपेठ यांसाठी दिल्लीला युरोप हवा आहे, आणि तोही शब्द देऊन पाळू शकणारा. म्हणूनच ब्रुसेल्सशी बोलताना भारताने पॅरिस आणि बर्लिन येथील आपली स्वतंत्र खाती बंद करण्याची घाई करू नये. व्यापाराचे बोलणे ब्रुसेल्सशी, संरक्षणाचे त्या त्या राजधानीशी, हीच वहिवाट तूर्त चालू ठेवणे भाग आहे.