पावसाचं बिल काँक्रीटवर लावा

पाऊस वाढला की बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतं. लावलेलं भात पाण्याखाली जातं. आपण निवेदन देतो, अधिकारी येऊन पाहणी करतात, थोडा गाळ निघतो आणि पुढच्या वर्षी परत तेच. कायमचं काम का होत नाही विचारलं की उत्तर ठरलेलं: निधी नाही.

मग निधी आणायचा कुठून? माझं मत सरळ आहे. ज्याच्या स्लॅबवरून, पत्र्यावरून आणि पार्किंगवरून पाणी वाहून येतं, त्याने जागेच्या मापाने पैसे द्यावेत.

साधा हिशोब बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 9000 लिटरच्या वर पाणी होतं. मोकळ्या मातीत यातलं बरंच मुरतं. स्लॅबवरचं जवळपास सगळं गटारात आणि तिथून नाल्यात जातं. म्हणजे शहरात काँक्रीट वाढतं तसा शेतकऱ्याच्या बांधावरचा भार वाढतो. त्याचे पैसे मात्र आज कुणीच भरत नाही.

अमेरिकेत यासाठी वेगळं शुल्क घेतात. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहराने 1974 मध्येच ते सुरू केलं. फिलाडेल्फियात पूर्वी ही रक्कम पाण्याच्या मीटरवर ठरायची. त्यामुळे मोठमोठे पार्किंग लॉट, जिथे नळच नाही, ते फुकट सुटायचे. 2010 पासून तिथे टप्प्याटप्प्याने जागेच्या मापावर आकारणी आली. घरांना सरसकट एक ठरावीक रक्कम, बाकीच्यांना पाणी न मुरणारी जागा मोजून बिल. जो आपल्या आवारात पाणी अडवतो, जिरवतो, त्याला सूट. सरकारी कार्यालयंही यातून सुटत नाहीत: केंद्र सरकारच्या इमारतींनी असं शुल्क भरलंच पाहिजे, हा कायदा तिथे 2011 मध्ये झाला.

आता कुणी म्हणेल, घरपट्टी झाली, पाणीपट्टी झाली, आता पावसाची पण पट्टी काय? हा राग खोटा नाही. मेरीलँड राज्याने 2012 मध्ये मोठ्या काउंट्यांवर असं शुल्क सक्तीचं केलं, तेव्हा विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हणून झोडपलं आणि 2015 मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. लोकांना आपला पैसा कुठे जातो ते दिसलं नाही, तर आपल्याकडेही तेच होणार.

म्हणून कर आणि शुल्क यातला फरक समजून घ्या. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये तो मांडला. कर सगळ्या तिजोरीसाठी असतो, शुल्क ठरावीक सेवेसाठी. पुढे न्यायालयाने ही चौकट थोडी सैल केली, पण मूळ तत्त्व आपल्या कामाचं आहे. नाल्याच्या नावाने घेतलेला पैसा नाल्यावरच खर्च झाला पाहिजे.

त्यामुळे मागणी करायची तर अटींसकट करायची. पैशाचं खातं वेगळं आणि हिशोब दरवर्षी जाहीर. शेतजमिनीला शून्य शुल्क. लहान घरांना नाममात्र रक्कम. मंगल कार्यालयं, मॉल, मोठी कॉलेजं आणि सरकारी कार्यालयं यांना मोजून बिल.

आणि मोजमापाची नोटीस मराठीतही हवी. आपल्या जागेचं माप चुकलं हे ज्याला वाचताच येत नाही, तो हरकत कशी घेणार? घटनेचं कलम 350 आपल्याला राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. तो हक्क इथे वापरायचा.

हे काम एकट्या महापालिकेचं नाही. कलम 243 एक्सनुसार कर आणि शुल्क लावायचा अधिकार महापालिकेला राज्याच्या विधिमंडळाकडून मिळतो. म्हणजे ठराव बेळगावात करून घ्यायचा आणि पाठपुरावा बेंगळुरूपर्यंत न्यायचा.

काही मित्र म्हणतात, कर्नाटकाच्या तिजोरीचा विचार आपण कशाला करायचा? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, त्या लढ्यात आपण आहोतच. पण तोवर दर पावसाळ्यात बुडणारं शिवार आपलंच आहे. हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी गटाराचा हिशोब मागायला लाजायचं कारण नाही.

येत्या पावसाळ्याआधी आपापल्या वॉर्डातल्या पाच मोठ्या आवारांचं अंदाजे माप काढा. वरचा हिशोब लावा आणि तो कागद नगरसेवकाच्या हातात द्या. ‘निधी नाही’ म्हणाले तर तो कागद दाखवा आणि विचारा, यांच्याकडून कधी मागितला होता काय?