पाथरीचे दप्तर पाथरीतच उभे राहिले पाहिजे

परभणी जिल्ह्यातील पाथरीचा इतिहास आज एकाच प्रश्नाला जखडला गेला आहे, आणि ही गोष्ट गावाच्या हिताची नाही. जानेवारी 2020 मध्ये साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा झाली, तिच्या निषेधार्थ 19 जानेवारीस शिर्डीत बंद पाळला गेला आणि काही दिवस साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी पाथरीचे नाव होते. परंतु त्या गदारोळात या गावाविषयी कोणाच्या ज्ञानात भर पडली नाही. श्रद्धेचा निवाडा करणे हे या पत्रकाचे काम नव्हे. प्रश्न असा आहे, की जन्मस्थानाचा वाद बाजूला ठेवला तर पाथरीला स्वतःविषयी सांगण्यासारखे काय आहे आणि ते कोणत्या कागदाच्या आधारे सांगता येते.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक ‘सरकार’, म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग, म्हणून नोंदले आहे. त्यात 18 परगणे होते आणि नांदेड, वसमत, अर्धापूर, जिंतूर यांच्याबरोबर खुद्द परभणीही पाथरीच्या हाताखाली होती. त्याहून मागे गेले तर अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळच पाथरीत सापडते. या घराण्याचा संस्थापक मलिक अहमद याचा पिता मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मण होता, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पुढे 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने वऱ्हाडच्या इमादशाहाकडून पाथरी हिसकावून घेतली, त्यामागेही पूर्वजांच्या गावाची ओढ होती, असे फिरिश्त्याचेच म्हणणे आहे. एका खेड्याच्या हिशेबाची वही लिहिणाऱ्या घराण्यातून दख्खनचे एक राज्य उभे राहिले, ही घटना महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात ठळकपणे यावी इतक्या मोलाची आहे.

मात्र ही सारी माहिती बाहेरून आलेली आहे, हे विसरता कामा नये. अबुल फजल मोगल दरबारी होता आणि फिरिश्त्याने विजापूरच्या आश्रयाने लिहिले. ज्या घरांतून ही माणसे गेली, ज्या पेठांतून कर गोळा झाला, ज्या वतनांवर भाऊबंदांची भांडणे झाली, त्यांची पाथरीच्या बाजूची साक्ष अद्याप कोणी एकत्र केलेली नाही. खाणीवर वसलेल्या गावांची गत या बाबतीत थोडी बरी असते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याची सरकारी कोळसाखाण 1871 मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली आणि 1906 मध्ये ती बंद पडली, तेव्हा आपले काय गेले आणि केव्हा गेले, हे त्या गावाला तारखेनिशी कळले. पाथरीची सत्ता मात्र कोणत्याही एका दिवशी गेली नाही; ती पिढ्यान्‌पिढ्या झिरपत गेली, म्हणून तिचा हिशेब मागण्याचे कोणाला सुचले नाही.

साक्ष देणारे कागद गावोगाव घरांत आहेत. सनदा, म्हणजे वतन वा इनाम दिल्याचे राजपत्र, महजर, म्हणजे पंचांसमक्ष झालेल्या निवाड्याचा लेख, पीकपाण्याचे व वसुलीचे ताळेबंद, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दर्ग्यांच्या व मशिदींच्या देखभालीची पत्रे. यांपैकी गावपातळीवरचे पुष्कळसे लेखन मोडीत, म्हणजे मराठीच्या जलद लेखनाच्या जुन्या लिपीत आहे, दरबारी लेखन फारसीत आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, पाथरी ज्यात होती त्या हैदराबाद संस्थानाने उर्दू स्वीकारल्यामुळे नंतरचे कागद उर्दूत आहेत. तिन्ही वाचू शकणारा माणूस एका गावात मिळणे कठीण; म्हणूनच हे काम एका जातीचे, एका धर्माचे किंवा एका घराण्याचे होऊच शकत नाही.

अशा कागदांना किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी 2023 हे वर्ष आठवावे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यातील कार्यालयांनी निजामकालीन नोंदी धुंडाळल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना शोधत फिरण्याची वेळ प्रशासनावर आली. गरज पडल्यावर धावाधाव करण्याची ही रीत लाजिरवाणी आहे. वि. का. राजवाडे यांनी वाईत मिळालेल्या कागदांच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये छापला आणि पुढे दारोदार हिंडून आणखी साधने जमवली, त्यामागे कोणत्याही सरकारी समितीचा रेटा नव्हता.

कागद बाहेर काढण्यास घरे कचरतात, याचे कारण उघड आहे आणि ते खोटेही नाही: जुन्या पत्रावरून जमिनीचा तंटा उभा राहील, ही भीती. हैदराबाद राज्यातील इनामे 1954 च्या कायद्यान्वये रद्द झाली असली, तरी भाऊबंदांची मने त्या कायद्याने मोकळी झाली नाहीत. म्हणून मूळ कागद मालकाकडेच राहावा, त्याचे केवळ छायाचित्र घेतले जावे, आणि कोणता भाग किती वर्षे झाकून ठेवायचा हे मालकाने लिहून द्यावे. मौखिक आठवणींनाही हाच नियम हवा, आणि सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख यांवाचून एकही आठवण नोंदली जाऊ नये. जन्मस्थानाचा वाद इतका चिघळला, त्याला अशा नोंदींचा अभावही कारण आहे.

नगर परिषदेने यासाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली, नोंदवही आणि मोडी व फारसी-उर्दू वाचणारे दोन मानधनी जाणकार द्यावेत, आणि तयार झालेल्या प्रती कोणाही वाचकास विनाशुल्क पाहू द्याव्यात. आरंभ पडझडीपासून व्हावा: जुना वाडा उतरवून नवे बांधकाम करण्यासाठी जो परवानगीचा अर्ज येतो, त्याला घरातील कागद व शिलालेख यांची ऐच्छिक माहिती मागणारे एक पान जोडले जावे आणि ते भरून देणाऱ्याच्या घरी भिंत पडण्यापूर्वी छायाचित्रकार पोहोचावा.