विश्लेषण : अणुइंधनाच्या कणांवर मायक्रोवेव्हने ‘कवच’ चढवता येईल?

कर्करोग, हृदयविकाराच्या तपासण्यांत वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य मॉलिब्डेनम-९९ पासून मिळते. ते मुख्यतः संशोधन अणुभट्ट्यांत तयार होते. यातल्या काही भट्ट्या अतिसमृद्ध युरेनियमवर चालत आल्या आहेत आणि तेच युरेनियम अणुबॉम्बसाठीही वापरता येते. म्हणूनच १९७८ पासून अमेरिकेच्या पुढाकाराने या भट्ट्या २० टक्क्यांहून कमी समृद्ध इंधनावर आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

अडचण काय?

समृद्धता कमी केली, की तेवढ्याच जागेत जास्त युरेनियम बसवावे लागते. त्यासाठी युरेनियम-मॉलिब्डेनम मिश्रधातूचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये मिसळतात. पण भट्टीत या दोघांची अभिक्रिया होते आणि इंधनाची पट्टी फुगते. यावर एक उपाय म्हणजे प्रत्येक कणावर झिरकोनियम नायट्राइडचा सुमारे १ मायक्रोमीटर जाडीचा थर. बेल्जियममधील मोल येथील ‘बीआर-२’ अणुभट्टीत अशा इंधनाची चाचणी झाली आहे.

मायक्रोवेव्हचा उपयोग कसा?

थर चढवण्याच्या एका पद्धतीत झिरकोनियमयुक्त वाफ आणि अमोनिया गरम कणांवरून सोडतात. साध्या भट्टीत भिंतीही तापतात, त्यामुळे थर तिथेही बसतो आणि कच्चा माल वाया जातो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र कण स्वतःच तापतात.

पण धातू तर मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही?

धातूचा सलग पत्रा लहरी परतवून लावतो. भुकटीचे तसे नाही. लहरी धातूत काही मायक्रोमीटर शिरतात. कण बारीक असले, की त्यांचा बराचसा भाग या लहरींच्या आवाक्यात येतो आणि आत निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहाने ते तापतात. रांचीत जन्मलेले रुस्तुम रॉय, दिनेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की धातूची भुकटी मायक्रोवेव्हने भाजून घट्ट करता येते.

मग अडते कुठे?

उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही. कुठे ठिणगी उडते, कुठे कण एकमेकांना चिकटतात. त्यामुळे वायूच्या झोताने ते सतत हलते ठेवावे लागतात. शिवाय युरेनियमची भुकटी हवेत पेट घेऊ शकते, म्हणजे गळती अजिबात चालत नाही. आणि कवचाला तडा गेला, तर अभिक्रिया नेमकी तिथूनच सुरू होते. त्यामुळे मायक्रोवेव्हची खरी कसोटी वेगाची नाही. लाखो कणांवर एकसारखा, अखंड थर देता येतो का, याची आहे.