वेदीपाशी कुदळ

जुन्या चर्चमधील संगमरवरी कठडे उखडताना पुष्कळदा दुसऱ्या व्हॅटिकन महासभेची साक्ष काढली जाते. ही साक्ष खोटी आहे. १९६३ साली महासभेने उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात शतकानुशतकांचे कलाधन काळजीपूर्वक जतन करण्यास सांगितले आहे. मौल्यवान पवित्र वस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, ही जबाबदारी बिशपांवर टाकली आहे.

आयर्लंडमधील कॉर्क परगणा पाहावा. कोव्ह बंदरावरील संत कोलमन कॅथेड्रलचे काम १८६८ साली सुरू झाले आणि १९१९ साली पूर्णत्वास गेले. एडवर्ड पुजिन व जॉर्ज अ‍ॅशलिन हे त्याचे वास्तुशिल्पी. दुष्काळाने पोळलेली लक्षावधी माणसे याच बंदरातून परदेशी गेली. गावच्या गरिबांनी आणि दूरदेशी गेलेल्या बांधवांनी पै पै जमवून हे मंदिर उभारले.

२००५ साली धर्मप्रांताने वेदीपुढील कठडे हलवण्याचा, मोझेकची काही फरशी खणण्याचा आणि वेदीचा चौथरा पुढे वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. नगरपरिषदेने संमती दिली. प्रापंचिकांनी राष्ट्रीय नियोजन मंडळाकडे अपील केले आणि २००६ साली मंडळाने परवानगी नाकारली.

‘देवाच्या घरात सरकारी मंडळ कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आयर्लंडच्या २००० सालच्या नियोजन कायद्यानेच उपासनेच्या गरजांचा मान राखण्याचे बंधन घातले आहे. तेथे मिस्सा कोणी बंद पाडत नव्हते. उपासनेसाठी एवढी मोडतोड खरोखरच अटळ आहे काय, एवढाच सवाल होता. लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करण्यासाठी पूर्वजांची फरशी खणावी लागत नाही.

शेजारच्या केरी परगण्यात मात्र कुदळ थांबली नाही. किलार्नीचे संत मरिया कॅथेड्रल एडवर्डचे वडील ऑगस्टस पुजिन यांनी रचले. दुष्काळात काम थांबले, तेव्हा उपाशी जनांनी त्याच्या अर्धवट भिंतींचा आसरा घेतला. १९७० च्या दशकातील नूतनीकरणात आतला गिलावा सोलला गेला. आजही तेथे उघडे दगड दिसतात.

आम्ही धर्मगुरू येतो आणि बदलून जातो. धर्मग्राम तेथेच राहते. आम्ही विश्वस्त आहोत, मालक नव्हे. म्हणून, वाचकहो, तुमच्या चर्चमध्ये कुदळ येण्यापूर्वी नकाशा मागा, कारण विचारा. याला कोणी अवज्ञा म्हणेल. मी त्याला श्रद्धेचे कर्तव्य म्हणतो.